दिराच्या कर्जाला जामीन राहावं का? सासूबाई वचन दाखवतात, मीही वचनच वाचतेय

शिक्षिका, राहुरी

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी अनुदानित शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. मिस्टर एमआयडीसीत एका कंपनीत आहेत. घरी रोज रात्री जेवणाआधी बायबलमधलं वचन वाचून प्रार्थना होते. त्यामुळे काहीही ठरवायचं ते शास्त्र उघडूनच, याबद्दल घरात वाद नाही. वाद आहे तो शास्त्राचं कुठलं पान उघडायचं यावर.

माझे धाकटे दीर गावी असतात. दीड एकर शेती, दोन गाई. त्यांना दुधाचा धंदा वाढवायचाय. आणखी पाच संकरित गाई, गोठ्याला पत्रा, कडबाकुट्टी मशीन असं सगळं धरून सहा लाखांचं कर्ज एका पतसंस्थेकडून घ्यायचं चाललंय. व्याज १४ टक्के, मुदत पाच वर्षं. म्हणजे महिन्याचा हप्ता चौदा हजारांच्या घरात. दोन जामीनदार लागतात आणि त्यातला एक तरी कायम पगारदार हवा. घरात कायम पगाराची मी एकटी.

भाऊजी कष्टाळू आहेत, हे आधीच सांगते. पहाटे चारला उठून शेणकूर, धारा, मग डेअरीवर दूध. व्यसन नाही. पण पैशाचा हिशोब त्यांना ठेवता येत नाही. मोटारसायकलचे हप्ते थकले होते तेव्हा शेवटचे आम्हीच भरले. त्यांनी मागितले नव्हते, फायनान्सची माणसं दारात आली म्हणून भरले.

सासूबाई म्हणतात, मत्तय ५:४२ काय सांगतं? जो मागतो त्याला दे, जो उसने घेऊ पाहतो त्याला पाठ फिरवू नको. आणि १ तीमथ्य ५:८ मध्ये तर सरळ लिहिलंय की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. त्या हे मला टोचायला म्हणत नाहीत. तिशीत विधवा झाल्या, दोन मुलं वाढवली, त्या काळात मंडळीतल्या (चर्चमधल्या) लोकांनी धान्य आणून दिलं म्हणून घर उभं राहिलं. त्यांच्यासाठी हे वचन जगलेलं आहे, म्हणूनच मला उलट बोलता येत नाही.

पण मी नीतिसूत्रे वाचते तेव्हा तिथे दुसरंच दिसतं. ६:१ ते ५, ११:१५, १७:१८, २२:२६-२७, सगळीकडे जामीन राहू नको, राहिलास तर सुटून घे. माझे वडील साखर कारखान्यात होते. सोबत्याला जामीन राहिले, सोबती गाव सोडून गेला आणि वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली. माझं डी.एड. आईच्या शिलाई मशीनवर झालंय. जामिनाचा तो कागद आमच्या ट्रंकेत बरीच वर्षं होता, वडील तो फेकू देत नसत.

आमचं स्वतःचं घराचं कर्ज चालू आहे. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

मला विचारायचंय ते एवढंच की जामीन राहायला नाही म्हणणं हा विश्वासातला कमीपणा आहे का? आणि नसेल, तर मत्तय ५:४२ चं मी काय करू?

पुण्याहून एक भाऊ

ताई, सलाम. मी वयाने लहान आहे, पण जे वाटतं ते लिहितो. नीतिसूत्रे हे शहाणपणाचं पुस्तक आहे, पण आपण प्रभू येशूचे शिष्य आहोत आणि त्याने अट न घालता दे असं सांगितलं. पौलाने अनेसिमसासाठी त्याच्या मालकाला, फिलेमोनाला लिहिलंच ना, त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर लाव म्हणून? एका पळून गेलेल्या दासासाठी पौल उभा राहिला. तुमचे तर सख्खे दीर आहेत, कष्टाळू आहेत. भीतीने घेतलेला निर्णय आणि विश्वासाने घेतलेला निर्णय यात फरक असतो. प्रार्थना करून सही करा, प्रभू मार्ग काढील.

निवृत्त वसुली अधिकारी, अहिल्यानगर

ताई, सलाम. नोकरीचा सगळा काळ मी सहकारी संस्थांच्या वसुलीत काढला आणि आता मंडळीच्या पंच कमिटीवर आहे. तुमचा प्रश्न माझ्या दोन्ही कामांच्या मधोमध पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुण्याच्या भावाने फिलेमोनास पत्र काढलं ते बरं झालं. पण ते १८ व्या ओवीवर थांबले. १९ वी वाचा. पौल म्हणतो, मी पौल हे माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे, मी फेडीन. पौलाची पत्रं बहुधा दुसरं कोणी लिहून घेत असे. इथे मात्र तो स्वतः लेखणी हातात घेतो. आजच्या भाषेत वचनचिठ्ठीवर सही आहे ती. आणि त्याने काय लिहिलं ते बघा. अनेसिमस फेडील, नाही फेडलं तर मी बघतो, असं नाही लिहिलं. मी फेडीन असं लिहिलं. तुरुंगात असताना लिहिलं, पण रक्कम स्वतःच्या अंगावर घेऊन लिहिलं.

दुसरा जामीन यहूदा. उत्पत्ती ४३:९, धाकट्या भावाला, बन्यामीनाला मिसरात न्यायचं असतं तेव्हा तो बापाला म्हणतो, मी त्याला जामीन, त्याची मागणी माझ्याकडून करा. पुढच्या अध्यायात मिसरातल्या अधिकाऱ्याचा चांदीचा पेला बन्यामीनाच्या गोणीत सापडतो आणि जामीनकीची वेळ येते. तेव्हा यहूदा काय म्हणतो? याच्याऐवजी मला दास करून ठेवा. पळत नाही, भावाला दोष देत नाही, मला काय ठाऊक असं म्हणत नाही. आणि इब्री ७:२२ मध्ये येशूला चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय. त्यानेही दुसरा कोणी फेडील या आशेवर सही केली नव्हती.

म्हणजे शास्त्रात जे जामीन राहिले आणि ज्यांचं कौतुक झालं, ते सगळे पहिल्या क्षणापासून देणं आपलंच आहे असं धरून उभे होते. नीतिसूत्रे ज्याला हटकतात तो वेगळा माणूस आहे. २२:२७ वाचा, तुझ्याजवळ फेडायला नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का ओढून न्यावं? जवळ काही नसताना शब्द देणाऱ्याला ते हटकलंय. प्रभू आणि नीतिसूत्रांचा शलमोन यांच्यात मला इथे भांडण दिसत नाही.

आता माझ्या खात्याचं सांगतो. ज्या लोकांकडे मी नोटीस घेऊन गेलो त्यातले बहुतेक जामीनदार एकच वाक्य बोलत, "साहेब, मी फक्त सही केली होती." कायद्यात "फक्त सही" असं काही नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची गाय विकली पाहिजे, मग जामीनदाराकडे आलं पाहिजे, असा काही क्रम संस्थेवर बांधलेला नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, त्यातल्या कलम १०१ खाली थकबाकीचा वसुली दाखला मिळतो आणि तो कर्जदार आणि जामीनदार दोघांच्या नावाने निघतो. वसुली करणाऱ्याला विचारा तो आधी कुठे जातो. जिथे पगार आहे तिथे. गोठ्यातली गाय रात्रीत दुसऱ्या बाजारात जाते, शिक्षकाचा पगार महिन्याच्या महिन्याला ठरल्या खात्यात येतो. जामिनाच्या फॉर्मसोबत पगारातून कपातीचं संमतिपत्र जोडलेलं असतं, तेही बहुतेक लोक न वाचता सही करतात. सही कशी होते तेही सांगतो. टेबलावर वीस-पंचवीस पानांचा गठ्ठा, प्रत्येक पानावर पेन्सिलने बारीक फुली मारलेली, आणि कारकून पान उलटत म्हणतो इथे, इथे आणि इथे. गठ्ठ्यात रकमेची जागा कोरी असलेली पानं असतात. शेवटी दोन कोरे चेक.

तुमच्या मुलीचं शैक्षणिक कर्ज पुढेमागे लागलं तर बँक सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा अहवाल काढील. संस्था तिकडे माहिती कळवत असेल तर त्यात तुम्ही जामीन असलेलं कर्जही दिसतं, आणि ते थकलं तर तेही दिसतं.

तर माझं उत्तर असं. चौदा हजार महिन्याला, पाच वर्षं, म्हणजे व्याजासकट आठ लाख सदतीस हजारांच्या आसपास. ते तुम्ही स्वतः फेडायची तयारी असेल, घरकर्ज आणि मुलीची फी धरून, तर पौलासारखी सही करा आणि पुन्हा त्याबद्दल दिराला शब्द बोलू नका. तशी तयारी नसेल तर ती सही म्हणजे पतसंस्थेला दिलेलं खोटं आश्वासन आहे. खोटं आश्वासन देण्यात विश्वास कुठून आला? नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

वसईकर

सलाम ताई. मी कॅथलिक आहे. आमच्या बायबलमध्ये सिराखचं पुस्तक आहे, जे तुमच्याकडच्या प्रतीत नसतं. त्याच्या २९ व्या अध्यायात नेमका तुमचा प्रश्न आहे, म्हणून लिहितोय. तिथे म्हटलंय की चांगला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो. पुढे कर्जदाराला बजावलंय की जामीनदाराचे उपकार विसरू नको, त्याने तुझ्यासाठी स्वतःचा जीव दिला आहे. त्यानंतर म्हटलंय की जामीनकीने कित्येक सुस्थितीतले लोक धुळीला मिळाले. आणि २० व्या ओवीत, आपल्या ऐपतीप्रमाणे शेजाऱ्याला मदत कर, पण तू स्वतः पडणार नाहीस याची काळजी घे. सिराखने दोन्ही बाजू एका पानावर ठेवल्यात, म्हणून मला तो अध्याय फार जवळचा वाटतो. तुमच्या दिरांनी त्यातली कर्जदाराला उद्देशून असलेली ओवी वाचावी असं मला मनापासून वाटतं. जामीन मागणारा सहसा एका सहीची किंमत विचारत नाही.

आमच्या वसईत १९१८ साली कॅथलिक सहकारी बँक सुरू झाली ती धर्मगुरूंच्या पुढाकाराने. केळी-पानवेलीवाल्या शेतकऱ्याला गरज पडली की सावकाराचं दार, अशी तेव्हाची स्थिती. मागणाऱ्याला दे, या वचनाला तेव्हाच्या लोकांनी दिलेलं ते उत्तर होतं असं मी मानतो. एकट्याच्या खिशातून जे होत नाही ते सगळ्यांनी मिळून, हिशोब ठेवून केलं. मंडळीत अशी काही व्यवस्था आहे का बघा. आमच्याकडे पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल या सेवा संस्थेचे लोक घरी जाऊन, गरज पाहून मदत करतात आणि नाव कुठे सांगत नाहीत.

परिचारिका, मिरज

ताई, सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांचंच वचन पुढे वाचा. मत्तय ५:४२ मध्ये "दे" आहे. देणं म्हणजे आपल्या हातातलं देणं. जामीन राहण्यात आपण काहीच देत नाही, उलट त्याच्या डोक्यावर सहा लाखांचं ओझं चढायला मदत करतो आणि आपण मदत केली असं समाधान मिळवतो. अनुवाद १५:७-८ मध्ये गरीब भावासाठी मूठ आवळू नको, हात सैल सोड, असं आहे. तो हातही आपलाच.

म्हणून नुसतं नाही म्हणू नका. किती देता येतील ते मिस्टरांबरोबर बसून ठरवा. एका गाईचे पैसे होतात का? होत असतील तर ते द्या, आणि लूक ६:३५ प्रमाणे परत येतील ही आशा न धरता द्या. परत आले तर आनंद. मग सासूबाईंना सांगा, "आई, मी पाठ फिरवली नाही, जे माझं आहे ते देते. जे माझं नाही त्याचा शब्द देत नाही." आणि एकदा सांगितलं की मत्तय ५:३७, तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही. आज नाही, उद्या बघू, पुढच्या महिन्यात विचारते, असं केलंत तर भाऊजी त्या आशेवर गाईंचा इसार देऊन बसतील.

शिक्षिका, राहुरी

तुम्हा सगळ्यांचे आभार. फिलेमोनाची १९ वी ओवी मी कित्येकदा वाचली असेल, पण तिच्याकडे या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. काल रात्री ती आणि उत्पत्ती ४३-४४ सगळ्यांसमोर वाचली. सासूबाई यहूदाच्या ठिकाणी रडल्या. नंतर म्हणाल्या, "मग तू काय देणार ते सांग." मी सांगितलं, माझ्या आरडीचे सत्तर हजार आहेत, ते भाऊजींना एका गाईसाठी, परतीची अट नाही.

भाऊजी फोनवर जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, वहिनी, एका गाईने काय होतं. नाराज आहेत. मला त्याचं वाईट वाटतंय आणि ते मी त्यांना सांगितलंही.

पण एक नवीनच गोष्ट कळली. मिस्टरांनी दुसरा जामीनदार म्हणून आधीच सही करून दिलीय, दोन चेकसकट. फॉर्म पूर्ण भरलेला नव्हता. भावाला नाही म्हणवलं नाही, एवढंच म्हणतात. कर्ज मंजूर झालंय असं समजतं, पण पगारदार जामीनदार नाही म्हणून पैसे अजून वाटप झालेले नाहीत. आता यातून मागे येता येतं का?

निवृत्त वसुली अधिकारी, अहिल्यानगर

येतं, पण आजच्या आज. नीतिसूत्रे ६ चा पहिला भाग आता तुमच्या मिस्टरांना लागू आहे. तिथे शब्द देऊन बसलेल्यालाच सांगितलंय की जा, नम्र हो, शेजाऱ्याला गळ घाल, डोळ्याला डोळा लागू देऊ नको, हरिणासारखा शिकाऱ्याच्या हातून सुटून जा. एवढी घाई का, ते आमच्या खात्यात काम केल्यावर समजतं. पैसे कर्जदाराच्या खात्यात जमा होईपर्यंत जामिनाचा प्रस्ताव सहसा मागे घेता येतो. एकदा वाटप झालं की संस्था जामीनदाराला सोडत नाही, दुसरा तितकाच भक्कम माणूस आणून दिला आणि संस्थेने तो लेखी मान्य केला तरच.

मिस्टरांनी आधी भावाला स्वतः सांगावं. पतसंस्थेतून कळलं तर ती जखम भरायला वेळ लागेल. "गळ घाल" म्हटलंय ते यासाठीच. तोंडाने सांगायला जड जाणार आहे, तरी वहिनीला पुढे करू नये.

दिराला हेही सांगा की धंद्याचा दरवाजा बंद झालेला नाही. पाच गाई एकदम घेण्यापेक्षा तुमची एक आणि कर्जातून एक अशा दोन घ्याव्यात. गोठ्यात चार झाल्या की चारा आणि दुधाचा मेळ कसा बसतो ते एका वेतात कळतं. जिथे दूध घालतात त्या डेअरीचा बँकेशी करार असेल तर हप्ता दूध बिलातून परस्पर कापून घेण्याची सोय होते. हिशोब ठेवता न येणाऱ्या माणसाला ती फार उपयोगी, कारण पैसा हातात येऊन खर्च व्हायच्या आत हप्ता गेलेला असतो. कर्ज कमी असलं की गाई तारण ठेवून, विमा उतरवून, जामिनाचा आग्रह सैल होतो असा माझा अनुभव आहे. विम्याचा कानातला बिल्ला पडला तर लगेच कळवायचं, बिल्ला नसलेल्या मेलेल्या गाईचा दावा अडकतो. लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशोब करतो. एका रविवारी उपासनेनंतर दिराला घेऊन या, मी वही-पेन्सिल घेऊन बसतो.

अर्ज साध्या कागदावर चालेल. असा लिहा:

"प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: जामीनदार म्हणून दिलेली संमती मागे घेण्याबाबत. महोदय, अमुक यांच्या अमुक रकमेच्या कर्ज मागणी अर्जास मी जामीनदार म्हणून संमती दिली होती. सदर कर्जाचे वाटप अद्याप झालेले नाही. काही कौटुंबिक कारणांमुळे मी माझी संमती या अर्जाद्वारे मागे घेत आहे. तरी माझे नाव जामीनदार म्हणून कमी करावे, आणि मी सही करून दिलेली कागदपत्रे व चेक क्रमांक अमुक व अमुक मला परत द्यावेत ही विनंती."

खाली तारीख, सही, पत्ता. दोन प्रती न्या. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि संस्थेचा शिक्का घेऊन ती जवळ ठेवा. "ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील" असं म्हणाले तर ठेवून येऊ नका, शिक्का मारून मागा. चेक लगेच मिळाले नाहीत तर त्याच दिवशी आपल्या बँकेत त्या दोन क्रमांकांचं पेमेंट थांबवण्याचा अर्ज द्या आणि त्याचीही पोच घ्या. शिक्का मारायला कोणी टाळाटाळ केली तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि मला इथे कळवा, पुढचं पत्र सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या नावे कसं लिहायचं ते सांगतो.